पर्यटनाला आधी खुराक द्या

कोल्हापूरचं पर्यटन कसं वाढवायचं हा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शहराचं स्वतंत्र पर्यटन मंडळ काढा, त्याला भरघोस निधी द्या, मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर अंबाबाईचे आणि पन्हाळ्याचे फलक लावा, रील करणाऱ्यांना बोलवा, महोत्सव भरवा. दुसरा म्हणतो, ही चैन आपल्याला परवडणारी नाही. आधी खड्डे बुजवा, नळाला पाणी द्या, भाविक काय देवीच्या ओढीने येतातच. दोन्हीकडचे लोक शहरावर जीव टाकणारे आहेत, हे मला माहीत आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे, ती ही की पर्यटनावरचा खर्च म्हणजे जाहिरातीवरचा खर्च. एकाला तो हवा, दुसऱ्याला नको, एवढाच फरक. हा वाद फसतो तो इथेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मंडळ हवं, त्याला स्वतःचं उत्पन्नही हवं. पण त्या पैशातला मोठा वाटा पाहुणा जे बघायला येतो ते जगवण्यावर खर्च झाला पाहिजे आणि पाहुण्याला बोलावण्यावर त्याहून कितीतरी कमी. तोही दर दहा वर्षांनी एकदा डोळे दिपवणारी रक्कम ओतून नव्हे. दरवर्षी, ठरलेला, नेमाने. पैलवानाला मैदानाच्या आदल्या रात्री मेजवानी घालून भागत नाही, त्याला बारा महिने खुराक लागतो. ही गोष्ट कोल्हापूरकराला कुणी समजावून सांगायला नको.

खुराक हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण त्याच्यामागे एक सकाळ आहे. मागच्या हिवाळ्यात नागपूरकडचे पाहुणे आमच्याकडे आले होते. पहिल्या दिवशी दर्शन, मिसळ, रंकाळा, चपलांची खरेदी झाली आणि रात्री जेवताना ‘उद्या काय?’ असा प्रश्न उभा राहिला. पहाटे साडेपाचला मी त्यांना शहरातल्या एका जुन्या तालमीत घेऊन गेलो. बाहेर बोचरी थंडी, आणि आत पाऊल टाकलं की घामाचा आणि मातीचा मिळून येणारा तो कोमट वास. हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरून नुकतीच मोकळी केली होती. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवलेला असतो हे कळल्यावर पाहुण्यांच्या धाकट्या मुलीने वाकून मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली. कोपऱ्यात एक पोरगा दगडी कुंडीत बदाम घोटत बसला होता, एका लयीत, मान वर न करता. दुसरा जोर मारत होता आणि प्रत्येक जोराबरोबर त्याच्या श्वासाचा आवाज भिंतीवर आपटत होता. वस्तादांनी आम्हाला बाकावर बसवलं, दूध विचारलं. निघताना पाहुणे म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.” मुलीने विचारलं, “यांची कुस्ती कधी बघायला मिळेल?” वस्ताद म्हणाले, “मैदान कवा ठरतंय ते आमास्नीबी आयत्या वेळंला कळतंय, बाळा.” मग ते खुराकाचा हिशेब सांगत राहिले. दूध, तूप, बदाम, खारीक. पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, गावाकडची. घरून येईल त्यात भागवायचं, आणि एखाद्या वर्षी ऊस बुडाला की त्या घरचा पोरगा वळकटी गुंडाळून परत जायचा.

आता विचार करा. ही तालीम कोल्हापूरचं आकर्षण आहे की नाही? आहेच. कुठल्याही माहितीपत्रकात तिचा फोटो छापायला सगळे तयार असतील. पण त्या फोटोवर लाख रुपये खर्च केले आणि फोटोतला पोरगा वळकटी गुंडाळून गावाला गेला, तर पुढच्या वर्षी पाहुण्याला आपण काय दाखवणार? रिकामा हौदा?

या शहराला हे कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी नीट समजून करून दाखवलं होतं. राजर्षी शाहू 1894 मध्ये गादीवर आले. 1902 मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासात पाहिलेल्या रोमन क्रीडागारावरून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली असं सांगतात. 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव स्वच्छ दिसावा. शेजारीच 1915 मध्ये पॅलेस थिएटर झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण नुसतं मैदान बांधून महाराज थांबले असते तर काय झालं असतं? एक सुंदर दगडी वाडगा उरला असता. त्यांनी तालमींना हात दिला, पैलवानांचा खुराक दरबारातून चालू ठेवला, बाहेरचे नामांकित मल्ल इथे आणून ठेवले, त्यांच्या हाताखाली इथली पोरं घडवली. मैदान भरलं ते त्यामुळे. देशभरातून माणसं कोल्हापूरला कुस्ती बघायला आणि शिकायला आली ती बातमी ऐकून, आणि बातमी खरी होती म्हणून.

गाण्याचंही तेच. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत वाढली ती त्या आश्रयामुळे. 1922 मध्ये महाराज गेले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईला निघून गेले. कोल्हापूरची कीर्ती त्या वर्षी काही कमी झाली नव्हती. कमी झाला तो आधार. चित्रपटाचं उदाहरण तर जास्तच लागणारं आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात मराठी चित्रपटाचा पाया घातला, त्याच गावात 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, पहिला मराठी बोलपटही तिने इथे असतानाच काढला, आणि 1933 मध्ये ती पुण्याला गेली. ज्या जागेवर तिने स्टुडिओ बांधला तिथे आज देशाची चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. ‘कलापूर’ हे नाव आपल्याकडे राहिलं, कला मात्र तिला जिथे सोय होती तिथे गेली. नाव आणि वस्तू यांची अशी फारकत झालेली आपण एकदा नव्हे, दोनदा पाहिली आहे. तिसऱ्यांदा बघायची माझी तयारी नाही.

जाहिरातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात सबळ मुद्दा मला मान्य आहे. माहीतच नसेल तर माणूस येणार कसा? खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर घ्या. 48 खांबांचा तो वर्तुळाकार स्वर्गमंडप, त्याचं मधोमध आभाळाकडे उघडलेलं छत, मंदिराच्या पायाशी ओळीने उभे असलेले दगडी हत्ती. असं काही युरोपातल्या एखाद्या खेड्यात असतं तर वर्षभर रांगा लागल्या असत्या. आपल्याकडे अंबाबाईला आलेली दहा माणसं घ्या, त्यातल्या किती जणांना खिद्रापूरचं नाव माहीत असतं? तेव्हा सांगायला हवं, हे खरंच. केरळचा दाखला नेहमी दिला जातो, तोही खोटा नाही. ‘देवाची स्वतःची भूमी’ या एका ओळीने त्या राज्याला जगाच्या नकाशावर नेलं.

पण केरळचा अर्धाच धडा आपण वाचतो. त्याच केरळने 2008 च्या सुमारास कुमरकोमला एक वेगळी गोष्ट सुरू केली. तिथल्या हॉटेलांनी भाजी, अंडी, मासे गावातल्या बायकांच्या गटांकडून आणि शेतकऱ्यांकडून घ्यायचे, पाहुण्यांना गावातली विणकाम, ताडी, काथ्याची कामं दाखवायची आणि त्याचे पैसे त्या घरांना मिळायचे. गावकऱ्यांची हॉटेलांवरची नाराजी तिथे मोठी होती, ती अशा व्यवहाराने निवळत गेली. फलकावरची ओळ आणि गावातला व्यवहार, हे दोन्ही एकमेकांना धरून होतं. आपण ओळ उचलतो आणि व्यवहार तिथेच ठेवून येतो.

आणि नुसत्या प्रसिद्धीने काय होतं याचा पुरावा तर आपल्या पायातच आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मंचावर आणल्या, सुरुवातीला त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं, देशभर आरडाओरडा झाला आणि मग कंपनीने मूळ कुठलं ते मान्य केलं. एवढी जाहिरात कुठल्या पर्यटन मंडळाला कितीही कोटी ओतून जमली नसती. ती फुकट झाली. 2019 पासून या चपलेला भौगोलिक मानांकनही आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. मग आता कशाची कमतरता आहे? हातांची. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमावणारे, तळ हाताने शिवणारे, वेणी घालणारे हात. घरातल्या म्हातारीची बोटं वेणी घालताना ज्या वेगाने फिरतात, तो वेग तिच्या नातवाला शिकावासा वाटेल अशी मजुरी त्याला मिळते का? हा प्रश्न फलक लावून सुटणार नाही. पाहुण्याला चप्पल लाईनीतल्या दुकानांत नेण्याआधी कारागिरांच्या वस्तीत नेता आलं, एक जोड कसा बनतो हे त्याने डोळ्याने पाहिलं, तर तो हजार रुपयांना घासाघीस करणार नाही. त्यासाठी वस्तीत बसायला जागा, स्वच्छ रस्ता, पिण्याचं पाणी आणि दाखवणाऱ्या कारागिराला त्याच्या मोडलेल्या वेळेचा मोबदला एवढं लागेल. मंडळाचं काम मी याला म्हणतो.

‘सरकार तर आता भरपूर देतंय,’ असं कुणी म्हणेल. तेही खरं आहे. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी 1,445 कोटींहून अधिक आणि जोतिबासाठी 259 कोटींहून अधिक रकमेचे आराखडे मंजूर केले. मंदिराभोवतीची कोंडी ज्याने नवरात्रात पाहिली आहे तो या खर्चाला सरसकट विरोध करणार नाही. मीही करत नाही. वयस्कर भाविकांना सावली, बसायला जागा, स्वच्छतागृहं मिळालीच पाहिजेत. पण हा पैसा बांधण्याचा आहे. बांधून झालेलं राखण्याचा पैसा वेगळा असतो, आणि तो आपल्या कुठल्याच आराखड्यात ठळक दिसत नाही. इमारतीच्या कोनशिलेवर नाव लागतं. दर सहा महिन्यांनी वायरिंग तपासणाऱ्या माणसाचं नाव कुठेच लागत नाही.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवा. केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळालं. शहर रस्त्यावर उभं राहून बघत होतं. त्या गर्दीत म्हातारे नट होते, पडदे ओढणारे कामगार होते, तिथे पहिलं नाटक पाहिलेली माणसं होती, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आगीच्या कारणाबद्दल मी इथे काही बोलत नाही. त्यानंतर पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींची घोषणा लगेच झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण 1915 च्या लाकडाचा तो रंगमंच परत येणार आहे का? शंभर वर्षं जुन्या प्रत्येक वास्तूला वर्षाला ठरावीक रक्कम, आग आणि पावसापासून संरक्षणासाठी, न मागता मिळाली पाहिजे. अशा वास्तू आपल्याकडे थोड्या नाहीत. टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय आहे, ज्यात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची इवलीशी कांस्यमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या या गावाचा व्यवहार रोमन जगाशी होता याची ती साक्ष. भवानी मंडप आहे. हत्तींच्या झुंजींचं जुनं मैदान, साठमारी, आहे. प्रत्येकाला खुराक लागतो.

जिल्ह्याचं भाग्य बघा. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात राधानगरी अभयारण्य आहे. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना तोच मान मिळाला त्यात पन्हाळा आहे. निसर्गाचा वारसा आणि इतिहासाचा वारसा, दोन्ही एकाच जिल्ह्यात. तरीही पाहुणा सकाळी येतो, दर्शन घेतो, दुपारी तांबडा-पांढरा ओरपतो आणि संध्याकाळी गाडी महामार्गाला लावतो. का? कारण दुसऱ्या दिवशी काय करायचं हे त्याला कुणी हाताला धरून सांगत नाही. माझ्या मते मंडळाचं यश एकाच आकड्यावर मोजावं: पाहुणा कोल्हापुरात किती रात्री राहिला. किती लाख लोक येऊन गेले हा आकडा मला फारसा काही सांगत नाही. लाखभर माणसं तासाभरासाठी आली तर शहराला मिळतो कचरा, धूर आणि वाहनतळाची भांडणं. त्याच्या एक दशांश माणसं तीन रात्री राहिली तर रिक्षावाल्याला, खानावळीला, गाईडला, गूळ विकणाऱ्याला, सगळ्यांना काहीतरी मिळतं. ॲमस्टरडॅमने 2018 मध्ये संग्रहालयाच्या चौकातली शहराच्या नावाची स्वतःचीच प्रसिद्ध मोठी अक्षरं काढून टाकली. फोटोपुरती येणारी गर्दी त्यांना झेपेना. जी अक्षरं त्यांनी उचलून नेली, तसलीच आपण जागोजागी उभी करून ‘सेल्फी पॉइंट’ म्हणतोय.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण त्यांचं म्हणणं मनाला जास्त लागतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांच्या गल्लीत आजही आठवडाभर गटार तुंबतं, त्यांना ‘पर्यटनासाठी निधी’ हे शब्द ऐकून राग आला तर तो रास्त आहे. शहराच्या तिजोरीतून, घरफाळ्यातून एक रुपयाही पाहुण्यांच्या स्वागतकमानीवर जाऊ नये, या मताशी मी सहमत आहे. पण याचा अर्थ पर्यटनावर खर्चच करू नये असा होत नाही. अर्थ असा होतो, की तो खर्च पाहुण्याकडून आला पाहिजे.

इथे थोडं हिशेबात शिरावं लागेल. पाहुणा कोल्हापुरात राहतो, जेवतो, खरेदी करतो. त्यावरचा कर जातो कुठे? एके काळी नाक्यावर जकात होती. ती गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. आता पाहुण्याच्या बिलातला कर केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. महापालिकेला भरपाईचं अनुदान मिळतं, पण ते आधीच्या उत्पन्नावर ठरलेलं असतं. या वर्षी पाहुणे दुप्पट आले म्हणून ते दुप्पट होत नाही. म्हणजे पाहुणा वाढला की शहराचा खर्च वाढतो, उत्पन्न जवळजवळ तिथेच राहतं. त्याचं सांडपाणी, त्याचा कचरा, त्याच्या गाडीने उखडलेला रस्ता, सगळं शिवाजी पेठेतल्या आणि फुलेवाडीतल्या माणसाच्या घरफाळ्यातून. अशा व्यवस्थेत स्थानिक माणसाने पर्यटनाला विरोध केला तर त्याला संकुचित कसं म्हणायचं?

जगातल्या शहरांनी यावर वाट काढली आहे. ॲमस्टरडॅम 2024 पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर घेतं. व्हेनिसने त्याच वर्षी एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. इतकं लांब कशाला, माथेरान आणि महाबळेश्वरला नगरपालिका येणाऱ्या पर्यटकाकडून कर घेतेच की. कोल्हापूरने मुक्कामाच्या खोलीवर छोटंसं शुल्क घेतलं तर काय होईल? समजा, शहरात आणि आसपास पाच हजार खोल्या धरल्या, सरासरी निम्म्या भरल्या आणि रात्रीला वीस रुपये घेतले, तर वर्षाचे एक कोटी ब्याऐंशी लाख होतात. आकडे मी उदाहरणासाठी धरलेत; खरी मोजणी मंडळाने करावी. 1,445 कोटींपुढे ही रक्कम चिल्लर वाटेल. पण दरवर्षी येणारे पावणेदोन कोटी, केवळ देखभालीसाठी राखून ठेवलेले, किती तालमींचा खुराक होईल, किती जुन्या छपरांची गळती थांबेल, किती कारागिरांच्या वस्तीत पाण्याचा नळ जाईल याचा हिशेब करून पाहा.

गरीब भाविकाचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. मराठवाड्यातून एसटीने येऊन धर्मशाळेत अंग टाकणाऱ्या आजीकडून वीस रुपये घ्यायचे नाहीत. भक्तनिवास, धर्मशाळा, ठरावीक भाड्याखालच्या खोल्या यातून वगळायच्या. आणि हॉटेलमालकांची धास्तीही मी समजू शकतो. पण तीन हजार रुपयांची खोली घेणारा माणूस वीस रुपयांसाठी सांगलीला मुक्काम हलवत नाही. राहता राहिला कायदा. हॉटेलच्या मुक्कामावरचा चैनीचा कर राज्यांच्या हातातून गेल्यामुळे याला कराऐवजी सेवाशुल्काचं रूप द्यावं लागेल आणि राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागेल. अवघड आहे, पण उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी आपण काही दशकं लढलो आणि ऑगस्ट 2025 मध्ये निदान सर्किट बेंच मिळवलं. त्या लढ्यापुढे ही मागणी फार मोठी नाही.

सगळ्यात कठीण आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. ‘अनुदान आलं की खाणारे आले’ असं लोक म्हणतात, आणि हे म्हणणाऱ्यांनी उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात. खुराकाच्या नावाने आलेला पैसा पैलवानापर्यंत पोचेल कशावरून? तालमींच्या पेठापेठांतल्या चुरशीत ‘आमची का नाही?’ हा वाद पेटणार नाही कशावरून? मला याचं उत्तर दोन ठिकाणी दिसतं. एक, पैसा दाराच्या उघडण्याशी बांधायचा. तालमीने आठवड्यातल्या दोन सकाळी पाहुण्यांना आत घ्यायचं, मैदानांचं वेळापत्रक महिनाभर आधी लावायचं, तर खुराकाचं अनुदान मिळेल. कारागिराने काम दाखवलं तर त्या दिवसाची मजुरी मिळेल. दार उघडं आहे की बंद, हे जाता-येता कुणालाही दिसतं. त्याला लेखापरीक्षक लागत नाही. अर्थात सरावाच्या वेळी गर्दी नको, मोबाईलचे दिवे नकोत, हे ठरवण्याचा हक्क वस्तादांचा. मुलं तिथे घडायला येतात, दाखवायच्या वस्तू म्हणून नव्हे.

दुसरं, मंडळावर बसणार कोण? हॉटेलवाले आणि अधिकारी एवढेच बसले तर मंडळ फलकच लावणार, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढंच दिसतं. तालमीचा वस्ताद, चप्पल कारागीर, रिक्षा संघटनेचा माणूस, खानावळ चालवणारी बाई, गाण्याच्या संस्थांपैकी कुणी, पन्हाळ्याचा आणि राधानगरीचा एकेक गावकरी, अशी निम्मी माणसं तिथे हवीत. देवल क्लबसारखी 1883 पासून संगीत जपणारी संस्था ज्या गावात आहे तिथे मैफलींचा कार्यक्रम ठरवायला बाहेरची कंपनी कशाला? आणि हे मंडळ निवडून आलेल्या सभागृहाला उत्तर देणारं हवं. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात एखादा निर्णय आवडला नाही तर प्रश्न विचारायला आपल्याकडे नगरसेवकच नव्हता. पर्यटनाचा पैसा पुन्हा तसा बंद खोलीत ठरता कामा नये.

यातली कुठलीच गोष्ट फलकाइतकी चटकन दिसणारी नाही, हे मी जाणून आहे. म्हणून एक उदाहरण देतो, ज्यात जाहिरातीचा प्रश्नच येत नाही. दरवर्षी 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण अंबाबाईच्या मंदिरात महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात शिरतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात. शेकडो वर्षांपूर्वी कुणा स्थपतीने सूर्याची वाट मोजून हे मंदिर बांधलं. लहानपणी आजीच्या खांद्यावरून मी ते पाहिलं आहे. उंबऱ्यावर किरण आला की गर्दीचा आवाज एकदम थांबायचा. आता कित्येक वर्षी किरण मध्येच अडतो, कधी चरणांपाशी, कधी गुडघ्यापाशी. ढग, धूर, बाष्प ही कारणं आहेतच. पण किरणांच्या वाटेवर उंच उठलेली बांधकामंही आहेत, आणि त्याबद्दलची पाहणी, पत्रं, नोटिसा हे सगळं होऊन गेलं आहे.

हा सोहळा पाहायला जगातून माणूस येईल, त्याला कुठलीही ओळ लिहून बोलवावं लागणार नाही. त्याला लागते ती फक्त मोकळी वाट. ज्यांच्या घरावर मजला चढवता येणार नाही त्यांना त्याची भरपाई द्यावी लागेल, आणि ती द्यायला पैसा लागेल. मुक्कामाच्या शुल्कातला पहिला रुपया मी तिथे घालीन. मंडळ व्हायचं तेव्हा होवो. येत्या नोव्हेंबरच्या आत महाद्वारापासून रंकाळ्याच्या दिशेने गच्च्यागच्च्यांवर चढून कुठली टाकी, कुठला पत्रा, कुठली भिंत किरणाच्या आड येते याची यादी करायला कोण कोण येणार, तेवढं मला कळवा. मी शिडी घेऊन येतो.